दोन झेंडे, अठ्ठावीस खुणा : कोकण किनाऱ्यावर सेमाफोर शिकायचं तर

हर्णैच्या पुळणीवर उभं राहून सुवर्णदुर्गाच्या तटावरच्या माणसाला हाक मारून बघा. माणूस दिसतो, त्याचे हातवारे दिसतात, पण शब्द काही पोचत नाही. लाटांची गाज असते, मध्ये एखाद्या होडीचं इंजिन धडधडत असतं आणि वारा उलटा असला तर शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. मोबाइल असतोच, पण तो खाऱ्या पाण्याच्या भीतीने पिशवीत घट्ट गाठ मारून ठेवलेला, नाहीतर ओल्या बोटांना दाद न देणारा. दिसतंय पण ऐकू येत नाही, नेमक्या अशा अंतरासाठी सेमाफोर आहे. दोन हातांत दोन झेंडे आणि प्रत्येक अक्षरासाठी हातांची एक ठरलेली ठेवण, एवढंच त्याचं भांडवल.

या पद्धतीचं मूळ फ्रान्समध्ये आहे. क्लोद शाप याने मनोऱ्यांवर हलते लाकडी हात बसवून १७९४ मध्ये पॅरिस ते लील असे निरोप धाडायला सुरुवात केली. पुढे जहाजांवर लाकडी हातांऐवजी माणसाचेच हात आले. आपल्याकडे नौदलात, एनसीसीच्या नौदल शाखेत आणि स्काउट-गाइडमध्ये हे शिकवत आले आहेत. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईत नौसैनिकांचं बंड पेटलं ते ‘तलवार’ या केंद्रात, आणि ते केंद्र संदेशवहनाचंच होतं. पण इतिहासात फार रमण्यात अर्थ नाही, कारण ही विद्या वाचून येत नाही.

आधीच सांगून ठेवतो, अक्षरं दाखवणं सोपं आहे. चार-पाच संध्याकाळी दिल्या तर शाळकरी पोरं धडाधड दाखवतात. अडतं ते वाचणाऱ्याकडे. म्हणून या लेखात दाखवण्यापेक्षा वाचण्यावर जास्त भर दिलेला दिसेल.

झेंडे घरीच शिवा

समुद्रावरचे झेंडे लाल-पिवळे असतात. चौकोन तिरका दुभागलेला असतो. वरच्या बाजूचा, काठीपासून लांबचा त्रिकोण लाल आणि खालचा, काठीलगतचा पिवळा. जमिनीवर निळा-पांढरा जोडही वापरतात. कोकणात मला लाल-पिवळाच बरा वाटतो. करड्या समुद्रावर आणि हिरव्या झाडीवर दोन्हींवर तो उठतो.

पॉपलिन किंवा पातळ टेरिकॉट घ्या. जाड कापड पाणी पितं आणि हात भरून येतो. प्रत्येक रंगाचा ५० सेंटिमीटरचा एकेक चौकोन कापा आणि कर्णावर दुभागा. दोन लाल त्रिकोण, दोन पिवळे त्रिकोण, म्हणजे बरोबर दोन झेंडे. वाया काही जात नाही. शिवण आणि दुमड जाऊन ४५ सेंटिमीटरचा झेंडा उरतो आणि हेच नेहमीचं माप. कर्णावरचा काप उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका येतो, त्यामुळे शिवताना कापड ताणलं जातं आणि मधोमध फुगा धरतो. आधी टाचण्या लावा किंवा कच्चा धागा घाला, मगच मशीनवर घ्या. शिलाई दुहेरी हवी, कारण वाऱ्यात पहिली उसवते ती हीच.

काठीसाठी नेफा वेगळ्या पट्टीचा लावा आणि त्याचं वरचं तोंड बंद करा, म्हणजे झेंडा काठीवरून घसरत नाही. काठी साठेक सेंटिमीटरची असावी, खाली मुठीला पुरेशी जागा उरली पाहिजे. माणगा या बांबूची बारीक काठी सगळ्यात उत्तम. ती जवळजवळ भरीव असते आणि वजनाला हलकी. नाहीतर विजेच्या फिटिंगचा प्लास्टिकचा पाइप चालतो. नेफ्याच्या खालच्या टोकाशी कापडातून काठीत एक बारीक चूक, म्हणजे छोटा खिळा, ठोकली की झेंडा गोल फिरत नाही. हे छोटं काम बहुतेक जण सोडून देतात आणि मग वाऱ्यात काठीभोवती गुंडाळलेला झेंडा सोडवत बसतात.

सात जागा

आता झेंडे बाजूला ठेवा आणि मोकळ्या हातांनी उभे राहा. पाय खांद्यांइतके फाकलेले, तोंड वाचणाऱ्याकडे. दोन्ही हात खाली, शरीरासमोर, ही विश्रांतीची जागा. तिला शून्य म्हणू.

तुमच्या उजव्या बाजूने सुरू करा. उजवा हात मांडीपासून लांब, खाली तिरका : एक. खांद्याच्या रेषेत सरळ आडवा : दोन. वर तिरका : तीन. डोक्यावर सरळ उभा : चार. आता तसेच डावीकडे उतरा. वर तिरका डावा हात : पाच. आडवा : सहा. खाली तिरका : सात. या सात जागा तुम्ही, म्हणजे झेंडे दाखवणाऱ्याने, आपल्या अंगावरून मोजायच्या. समोरच्याला त्या उलट बाजूला दिसणार. त्याचं पुढे बघू.

एका वेळी एक किंवा दोन जागा वापरायच्या. एकेक वापरली तर सात खुणा. दोन-दोनच्या जोड्या केल्या तर एकवीस. एकूण अठ्ठावीस. त्यांतली सव्वीस इंग्रजी अक्षरं आणि उरलेल्या दोन कामाच्या खुणा : ‘आता अंक’ आणि ‘रद्द’. सगळी सेमाफोर एवढीच आहे. तक्ता भिंतीवर चिकटवून पाठ करण्यापेक्षा ही मोजणी डोक्यात बसवा, अक्षरं आपोआप लागतात.

मूठ कशी धरायची तेही आताच. काठी तळव्यात, तर्जनी काठीवर लांब केलेली. काठी ही हाताचीच वाढ दिसली पाहिजे. मनगट वाकलं की लांबून हात एक सांगतो आणि झेंडा दुसरंच.

अक्षरं, फेरीफेरीने

पहिल्या फेरीत एकच हात काम करतो, दुसरा शून्यावर असतो. एक म्हणजे ए, दोन बी, तीन सी, चार डी, पाच ई, सहा एफ, सात जी. ए, बी, सी आणि डी उजव्या हाताने. ई, एफ, जी डाव्या हाताने.

दुसऱ्या फेरीत एक झेंडा एक नंबरच्या जागेवर राहतो आणि दुसरा पुढे सरकत जातो. एक-दोन एच, एक-तीन आय, एक-चार के, एक-पाच एल, एक-सहा एम, एक-सात एन. मध्ये जे नाही, हे लक्षात ठेवा. तो शेवटाकडे भेटेल. एच आणि आय ही जरा अडचणीची अक्षरं, कारण दोन्ही जागा उजव्या बाजूला. तिथे उजवा हात वरच्या जागेवर जातो आणि डावा पोटासमोरून ओलांडून एक नंबरवर येतो. कंबरेतून थोडं वळा म्हणजे झेंडा अंगाच्या बाहेर निघेल. मान मात्र समोरच राहू द्या.

तिसरी फेरी दोन नंबरवरून. दोन-तीन ओ, दोन-चार पी, दोन-पाच क्यू, दोन-सहा आर, दोन-सात एस. ओ ला उजवा हात आडवा आणि डावा छातीवरून ओलांडून वर तिरका. आर म्हणजे दोन्ही हात आडवे.

चौथी तीन नंबरवरून : तीन-चार टी, तीन-पाच यू, तीन-सहा वाय, तीन-सात ‘रद्द’. यू नंतर एकदम वाय येतो, इथे नवशिका हमखास व्ही करून बसतो.

उरलं ते किरकोळ. चार-पाच ‘आता अंक’, चार-सहा जे, चार-सात व्ही. पाच-सहा डब्ल्यू, पाच-सात एक्स. सहा-सात झेड. शेवटच्या तिघांना दोन्ही जागा डावीकडे असतात, म्हणून तिथे उजवा हात ओलांडतो : डब्ल्यूला वर पाचवर, एक्स आणि झेडला खाली सातवर.

कुठल्या हाताने कुठली जागा घेतली याने अक्षर बदलत नाही. लांबून हात दिसत नाहीत, दोन झेंडे कुठे आहेत एवढंच दिसतं.

अंक पहिल्या दहा खुणांतच बसवलेत. ‘आता अंक’ दाखवलं की पुढचा ए म्हणजे १, बी म्हणजे २, असं करत आय म्हणजे ९, आणि के म्हणजे शून्य. परत अक्षरांवर यायचं असेल तर जे दाखवायचा. साडेदहाची वेळ कळवायची तर : आता अंक, ए, के, सी, के, जे. आकड्यातली चूक वाक्याच्या संदर्भावरून पकडता येत नाही, म्हणून वेळ आणि माणसांची संख्या नेहमी दोनदा पाठवा.

एन आणि डी जरा डोळ्यांसमोर आणा. एन म्हणजे दोन्ही हात खाली तिरके, डी म्हणजे सरळ उभी रेषा. दोन्ही एकावर एक ठेवून भोवती वर्तुळ काढलं की शांततेचं ते जगभर टी-शर्टांवर छापलेलं चिन्ह होतं. १९५८ मध्ये जेराल्ड होल्टम यांनी अण्वस्त्रविरोधी मोर्चासाठी ते सेमाफोरवरूनच घडवलं : ‘न्यूक्लिअर डिसआर्ममेंट’ची आद्याक्षरं. मुलांना एन आणि डी एकदा असे सांगितले की पुन्हा विचारावे लागत नाहीत.

वाचणारा आधी तयार करा

आता मुख्य काम. समोरच्याची उजवी बाजू तुमच्या डावीकडे असते, म्हणजे एक ते सात हे आकडे वाचणाऱ्याला डावीकडून उजवीकडे दिसतात. आरशासमोर सराव केला की इथेच घात होतो. आरशात तुमचा उजवा हात उजवीकडेच दिसतो आणि डोळ्यांना नेमकी उलटी सवय लागते. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्याच्या पडद्यावरही तेच. त्यापेक्षा मित्राला मागच्या कॅमेऱ्याने दहा पावलांवरून चित्रण करायला सांगा आणि ते बघून वाचा. वाचणाऱ्याला दिसतं ते बरोबर तसंच दिसेल.

उलटं वाचलं तर काय होतं ते माहीत असलेलं बरं. ए चा जी होतो, बी चा एफ, सी चा ई. एच चा झेड, आय चा एक्स, ओ चा डब्ल्यू. के आणि व्ही, पी आणि जे, एम आणि एस, क्यू आणि वाय या जोड्या आपसांत बदलतात. टी ‘आता अंक’ होऊन बसतो आणि एल चं ‘रद्द’ होतं. डी, एन, आर आणि यू तेवढे दोन्हीकडून सारखे. म्हणजे कोणी ‘पाणी’ पाठवलं, पी-ए-एन-आय, तर उलटं वाचणाऱ्याच्या वहीत जे-जी-एन-एक्स उतरतं. मराठी निरोपात एक्स, झेड, डब्ल्यू यांची गर्दी दिसली की समजा, पाठवणारा बरोबर आहे, तुमची बाजू चुकली आहे. मजकूर टाकून देऊ नका, वरच्या जोड्या उलटवून तसाच सोडवा.

वाचायला एकटा माणूस बसवू नका, जोडी हवी. एक नजर न हलवता बघतो आणि अक्षर मोठ्याने बोलतो. दुसरा पाठमोरा किंवा खाली बसून नुसतं लिहितो. बघणाऱ्याने वहीत डोकावायचं नाही आणि शब्द जुळवायचा नाही. ‘पी-ए’ आलं की मन लगेच ‘पाणी’ म्हणतं आणि पुढची दोन अक्षरं डोळे बघतच नाहीत. निरोप असतो ‘पाठवा’. म्हणून सुरुवातीला अर्थहीन अक्षरांच्या माळा पाठवा, आर-के-यू-एच-ई अशा. मुलं कंटाळतात, पण अंदाज करायची खोड याच कंटाळ्याने जाते. त्या माळा विनाचूक उतरायला लागल्यावर शब्दांकडे वळा.

सराव पावसाळ्यात घराच्या पडवीत किंवा पाऊस उघडला की खळ्यात, मोकळ्या हातांनी, पंधरा पावलांवरून सुरू करता येतो. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, समुद्रावर कोणी जात नाही आणि जाऊही नये. नारळी पौर्णिमेपर्यंत अक्षरं पक्की झाली तर पुढचं सगळं पुळणीवर करायला मोकळे.

निरोप पाठवायची रीत

आधी समोरच्याचं लक्ष वेधा. खूण प्रत्येक गटाची थोडी वेगळी असते. दोन्ही झेंडे डोक्यावर एकमेकांना ओलांडून झपझप हलवणं ही मला सगळ्यात स्वच्छ वाटते. समोरून सी आला, म्हणजे तो तयार आहे. मग सुरू करा.

‘होडी पाठवा’ असं पाठवायचंय. एच-ओ-डी-आय, पी-ए-टी-एच-व्ही-ए.

एच : उजवा दोनवर, डावा ओलांडून एकवर. थांबा. ओ : उजवा जागचा हलत नाही, फक्त डावा खालून तीनवर जातो. इथे गंमत आहे : घाईत डावा हात पूर्ण वर पोचत नाही, आणि मग ओ धड ओ राहत नाही. डी : डावा शून्यावर, उजवा सरळ वर. आय : डावा ओलांडून एकवर, उजवा तीनवर. शब्द संपला, दोन्ही झेंडे खाली समोर. समोरून सी ची वाट बघा. सी आला नाही तर काही न विचारता तोच शब्द पुन्हा. सी आला की पुढे. पी : उजवा आडवा, डावा उभा. ए : डावा शून्यावर, उजवा खाली तिरका. टी : उजवा तीन, डावा चार. एच : आधीसारखाच. व्ही : उजवा उभा, डावा सातवर. ए. झेंडे खाली. शेवटी ए आणि आर लागोपाठ, म्हणजे निरोप संपला.

एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाताना हात सरळ, झटक्यात न्यावा आणि तिथे पूर्ण थांबवावा. वाचता येतं ते थांबल्यावरच. सुरुवातीला मनात ‘एक-दोन-तीन’ म्हणेपर्यंत थांबा. वेग आपसूक येतो. हलतं अक्षर मात्र कितीही वेगाने दाखवलं तरी वाचता येत नाही. प्रत्येक अक्षरानंतर हात खाली आणायची गरज नाही, अक्षरातून अक्षरात जायचं. अपवाद एकच : तेच अक्षर लागोपाठ दोनदा आलं तर मध्ये झेंडे खाली आणा, नाहीतर ‘अण्णा’तला एक एन गायब होतो.

चूक झाली तर ई, ई, ई असं सलग आठ वेळा दाखवतात, आणि शेवटच्या बरोबर शब्दापासून पुन्हा सुरुवात करतात. ओशाळून मध्येच हात झाडू नका, समोरचा त्याचंही अक्षर करतो.

जागांत होणारी ढिलाई बहुतेक दोनच ठिकाणी असते. तीन आणि पाच हळूहळू वर सरकून चारला चिकटतात. एक आणि सात थकल्यावर मांडीकडे लोंबतात आणि शून्य वाटायला लागतात. कोणीतरी बाजूला उभं राहून नुसतं ‘एक वर घे, तीन खाली घे’ असं ओरडत राहिलं तर तासाभरात फरक दिसतो.

मराठी निरोप कसा लिहायचा

व्हॉट्सॲपवर आपण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितोच, तीच लिपी इथे चालते. फक्त गटात काही गोष्टी ठरवून घ्या. आ साठी एकच ए, दोन नाहीत. ण आणि न दोन्हींना एन, ळ ला एल. काहींना सी म्हणजे च, एक्स म्हणजे श असे जवळचे रस्ते सुचतात. अक्षरं कमी लागतात हे खरं, पण बाहेरच्या माणसाला तो निरोप कधीच लागत नाही. मी तरी त्या फंदात पडणार नाही. त्यापेक्षा शब्द छोटे निवडा. ‘ओहोटी’पेक्षा ‘सुकती’ निवडलात तर अक्षरांची संख्या सारखीच राहते, पण दोनदा ओ करायची कटकट वाचते. काल, काळ, कळ यांसारखे एकाच स्पेलिंगचे शब्द टाळलेले बरे.

मराठीची खरी खोच नकारात आहे. आपला नकार शेवटी येतो. ‘होडी पाठवू नका’ पाठवलंत आणि शेवटचा शब्द वाऱ्यात हरवला, तर समोरचा होडी सोडून मोकळा होतो. म्हणून झेंड्यांच्या भाषेत ‘नका’, ‘नको’, ‘नाही’ हे शब्द वापरायचेच नाहीत, असा नियम करा. ‘येऊ नका’ऐवजी ‘थांबा’. ‘पुढे जाऊ नका’ऐवजी ‘मागे फिरा’. ‘पाणी नाही’ऐवजी ‘पाणी संपलं’. अर्धा निरोप पोचला तरी अर्थ उलटा होता कामा नये.

‘ये’ आणि ‘या’ दोन्हीला दोनच अक्षरं लागतात. तेव्हा वडीलधाऱ्या तांडेलाला ‘या’च पाठवा, फुकट आहे.

नेहमीचे दहा-बारा निरोप एका कार्डावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून दोन्ही टोकांना ठेवा : होडी पाठवा, पाणी संपलं, दोर आणा, जखमी, थांबा, मागे फिरा, सगळे सुखरूप. वाचणाऱ्याला काय येऊ शकतं याची कल्पना असली की अर्धी लढाई जिंकली.

कुठे, केव्हा उभं राहायचं

कोकणात समुद्र पश्चिमेला, हे विसरून चालत नाही. सकाळी होडीवरचा माणूस किनाऱ्याकडे तोंड करून उभा असतो, ऊन त्याच्या अंगावर आणि वाचणाऱ्याच्या पाठीशी. होडीकडून किनाऱ्याकडे निरोप धाडायला ही उत्तम वेळ. संध्याकाळी नेमकं उलटं : किनाऱ्यावरचा माणूस उजेडात न्हालेला आणि होडीभोवती पाणी इतकं चमकतं की डोळे मिटावे लागतात. सूर्याकडे दुर्बीण लावून वाचायचा हट्ट तर अजिबात धरू नका, डोळे कायमचे जातील.

यावर सोपा तोडगा म्हणजे खाडी. आपल्या खाड्या पूर्वेकडून पश्चिमेला वाहतात, त्यामुळे त्यांचे काठ उत्तर-दक्षिण. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ आणि धोपावे, असे समोरासमोरचे काठ. सकाळ-संध्याकाळ ऊन दोघांच्याही बाजूने येतं, समोरून नाही. पहिले लांब पल्ल्याचे सराव खाडीकाठीच करा, रुंद मुखापेक्षा आत जिथे पात्र अरुंद होतं तिथे. मोकळ्या डोळ्यांनी तीन-चारशे मीटर आरामात वाचता येतं; त्यापुढे दुर्बीण लागते.

वारा बघून वेळ ठरवा. पहाटे-सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा हलका असतो. दुपारी खारा वारा चढला की झेंडा फडफडतो आणि हात ओढतो. नवशिक्यांनी त्या वेळी घरी जेवून झोपावं.

मागची पार्श्वभूमीही बघा. जांभ्याच्या कड्यासमोर उभं राहिलात तर लाल त्रिकोण दगडात विरून जातो. काळ्या कातळासमोर किंवा सुरूच्या बनासमोर लाल-पिवळा ठळक दिसतो. सगळ्यात चांगलं म्हणजे मागे नुसतं आकाश : सड्याची कड, तटाचा उंचवटा, जेट्टीचं टोक. तटाच्या काठावर मात्र चढू नका. दोन्ही हात गुंतलेले असताना तोल गेला तर धरायला काही नसतं. कपडे एकरंगी असावेत. चट्ट्यापट्ट्यांच्या शर्टात ओलांडणारा झेंडा लपतो.

होडीत उभं राहून दाखवायचं तर, दाखवणारी मुलगी असो वा मुलगा, आधी लाइफ जॅकेट अंगावर हवंच. पाय फाकवून, गुडघे सैल, आणि मागून कोणीतरी कमरेला धरलेलं. लाटेवर होडी खाली गेली की निम्मा माणूस दिसेनासा होतो, म्हणून अक्षर दाखवायचं ते होडी वर आल्यावर.

काही गोष्टींत चेष्टा नको

दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली, वर-खाली करत राहणं हा समुद्रावरचा आंतरराष्ट्रीय संकट-संकेत आहे; टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या नियमांच्या जोडपत्रात तो दिलेला आहे. सराव करताना किंवा हात मोकळे करतानासुद्धा तशी हालचाल करू नका. उलट, खरंच बुडायची वेळ आली तर अक्षरं जुळवत बसू नका, हीच खूण करा. झेंडे असले तर त्यांच्यासह करा, जास्त लांबून दिसेल. फोन लागत असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, आणि होडीवर व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल १६. सेमाफोर यांच्या जोडीला आहे, यांच्या जागी नाही.

लाल-पिवळा तिरका झेंडा होडीच्या डोलकाठीवर चढवला तर त्याचा अर्थ ‘माणूस पाण्यात पडला आहे’ असा होतो. झेंडे वाळत घालायला दुसरी जागा शोधा. वाळूतही रोवून ठेवू नका. जीवरक्षकांचे झेंडे लाल-पिवळ्याच रंगांचे असतात, त्यांचे पट्टे आडवे एवढाच फरक, आणि पर्यटक इतकं बारीक बघत नाहीत.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल, म्हणजे त्या बंदरालाच वादळी वाऱ्याचा धोका सांगितला असेल, तर त्या दिवशी सराव खळ्यात.

आणि एक. १९९३ मध्ये शेखाडीला स्फोटकं उतरली, २००८ मध्ये हल्लेखोर समुद्रातूनच मुंबईत आले. किनाऱ्यावरून होडीकडे खुणा करणारी चार माणसं दिसली तर कोणीही विचारणारच आणि विचारलंच पाहिजे. सराव कुठे, कोणत्या वेळी आहे ते गावच्या पोलीस पाटलांना आणि सागरी पोलीस ठाण्याला आधी कळवून ठेवा. अनोळखी होडीशी खेळ म्हणूनही झेंड्यांनी बोलू नका, आणि नौदलाच्या किंवा बंदराच्या हद्दीजवळ तर झेंडे बाहेरच काढू नका.

घरी आल्यावर झेंडे गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा. मीठ कापडात राहिलं तर ते दमट हवेत ओलंच राहतं, जड होतं आणि लाल रंग पिवळ्यात उतरतो. काठीची चूक गंजली असेल तर तीही बदला.